समकालीन ट्लिंगिट चित्रकला आणि कुळाचा अधिकार : प्रस्तावना

ट्लिंगिट समाजातला आजचा चित्रकार कॅनव्हाससमोर उभा राहतो तेव्हा काय रंगवावे या प्रश्नाच्या आधी काय रंगवण्याचा आपल्याला अधिकार आहे, हा प्रश्न त्याच्यापुढे येतो. आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात कलावंताचे स्वातंत्र्य गृहीतच धरलेले असल्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रश्न एखाद्या जुनाट बंधनासारखा वाटतो, आणि मग या चित्रांवर लिहिताना एका बाजूला परंपरा व दुसऱ्या बाजूला नवता अशी ठरीव मांडणी केली जाते. ही मांडणी सोयीची असली तरी अपुरी आहे. गेल्या अर्धशतकात या समाजातून जे सकस काम पुढे आले, ते अधिकाराचा हा प्रश्न गांभीर्याने घेणाऱ्या कलावंतांचे आहे. त्यांतल्या काहींनी नियम पाळला, काहींनी तो वाकवला, काहींनी त्याची थट्टा केली, पण त्याकडे पाठ कुणीच फिरवली नाही. म्हणून चित्रांकडे वळण्यापूर्वी हा अधिकार म्हणजे काय, तो कुठून येतो आणि त्याचा रेषेशी व रंगाशी काय संबंध आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

ट्लिंगिट लोकांचा प्रदेश म्हणजे अलास्काचा आग्नेय पट्टा, म्हणजेच याकुटाट उपसागरापासून दक्षिणेला कॅनडाच्या सीमेपर्यंत गेलेली अरुंद किनारपट्टी आणि तिच्यासमोर पसरलेला अलेक्झांडर द्वीपसमूह. याशिवाय डोंगर ओलांडून आत, कॅनडातील युकॉन प्रदेशात टेस्लिन व कारक्रॉस येथे आणि ब्रिटिश कोलंबियात अ‍ॅटलिन येथेही या समाजाच्या वस्त्या आहेत. बारमाही पाऊस, स्प्रूस आणि सीडर वृक्षांची घनदाट अरण्ये आणि दर उन्हाळ्यात नद्यांत चढणारा साल्मन मासा यांच्या बळावर शेतीशिवायही येथे संपन्न आणि स्थिर जीवन उभे राहिले. उन्हाळ्यात साठवलेल्या अन्नावर हिवाळा काढता येत असे, आणि तोच काळ समारंभांचा व कलेचा होता. घराची दर्शनी भिंत, आतला लाकडी पडदा, धान्याच्या कणगीइतक्या मोठ्या पेट्या, होड्या, ढोल, टोप्या, वल्ही आणि प्रसंगी माणसाचा चेहरा या सर्वांवर रंगकाम होत असे. चौकटीत बसवून भिंतीवर टांगायचे स्वतंत्र चित्र तेवढे या यादीत नव्हते.

समाजाची घडण मातृवंशीय आहे. सर्व ट्लिंगिट लोक दोन पक्षांत विभागलेले असून त्यांतला एक डोमकावळ्याचा म्हणजे रेव्हनचा आणि दुसरा गरुडाचा मानला जातो. काही भागांत गरुडाऐवजी लांडग्याचे नाव घेतात. प्रत्येक पक्षात अनेक कुळे आणि प्रत्येक कुळात अनेक घरे असतात. मूल आईच्या कुळात जन्मते आणि विवाह समोरच्या पक्षातच व्हावा असा दंडक असल्यामुळे प्रत्येक व्यक्तीचे वडील समोरच्या पक्षाचे असतात. रीतसर ओळख करून देताना आजही आपले ट्लिंगिट नाव, पक्ष, कूळ आणि घर सांगून झाल्यावर आपण कोणत्या कुळाची 'लेकरे' आहोत, म्हणजे वडिलांचे कूळ कोणते, हे सांगण्याची प्रथा आहे. मराठी वाचकाला येथे देवकाची आठवण येणे स्वाभाविक आहे. कदंब, वड, कमळ किंवा मोरपीस यांपैकी काही तरी कुळाशी जोडलेले असणे आणि लग्नसंबंध ठरवताना ते पाहिले जाणे, हा धागा दोन्हीकडे सारखा आहे. पण साम्य तिथेच संपते, कारण देवकाची प्रतिष्ठापना आणि पूजा होते, तर ट्लिंगिट कुलचिन्हाची पूजा होत नाही. ते मिळवलेले असते, त्याची मालकी असते, आणि ती मालकी चारचौघांसमोर पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते.

या मालकीच्या कल्पनेला ट्लिंगिट भाषेत 'अट-ऊ' म्हणतात. या विषयावरचे सर्वांत विश्वसनीय लेखन नोरा मार्क्स डाउनहाउअर (1927–2017) आणि त्यांचे पती रिचर्ड डाउनहाउअर (1942–2014) यांचे आहे; 1987 ते 1994 या काळात त्यांनी ट्लिंगिट वडीलधाऱ्यांच्या मौखिक कथा, शोकसभांतील भाषणे आणि जीवनचरित्रे मूळ भाषेसह तीन मोठ्या खंडांत प्रसिद्ध केली. अट-ऊ ही कुळाच्या सामायिक मालकीची गोष्ट असते. ती एखादी टोपी, पडदा किंवा घोंगडी असू शकते, तशीच ती जमीन, डोंगर, गाणे, कथा, व्यक्तिनाम किंवा नुसती आकृतीही असू शकते. ती पूर्वजांनी किंमत मोजून मिळवलेली असते आणि पुष्कळदा ती किंमत म्हणजे माणसाचा जीव असतो. अस्वलीशी संसार केलेल्या काट्सची कथा आणि त्यामुळे तपकिरी अस्वलाचे चिन्ह तेक्वेदी कुळाकडे आहे. दक्लावेदी कूळ किलर व्हेलचे चिन्ह धारण करते. ग्लेशियर बे येथील हिमनदी पुढे सरकून गाव गिळू लागली तेव्हा मागे राहिलेल्या स्त्रीची कथा आणि ती हिमनदी चूकनेदी कुळाची आहे. ही शेवटची कथा भूगर्भशास्त्रालाही मान्य होण्यासारखी आहे, कारण अठराव्या शतकात त्या उपसागरातला बर्फ खरोखरच वेगाने पुढे आला होता आणि आजच्या हूना गावच्या लोकांच्या पूर्वजांना तिथून निघावे लागले होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. एखाद्या चित्रकाराने किलर व्हेलची आकृती काढली तर त्याने केवळ एक सागरी प्राणी काढला असे होत नाही. एका विशिष्ट कुळाच्या इतिहासाला, त्याच्या मृतांना आणि त्याच्या जमिनीवरील हक्काला त्याने हात घातलेला असतो. ट्लिंगिट कायद्याच्या दृष्टीने परवानगीवाचून असे करणे ही चोरी आहे.

त्याहून महत्त्वाची, पण पुष्कळ लेखनात निसटून जाणारी बाब अशी की जुन्या व्यवस्थेत लोक आपले कुलचिन्ह बहुधा स्वतः रंगवत नसत. घर बांधणे, स्तंभ कोरणे, पडदा रंगवणे ही कामे समोरच्या पक्षातल्या माणसाकडे, म्हणजे वडिलांच्या किंवा मेहुण्याच्या बाजूकडे सोपवली जात. काम पूर्ण झाल्यावर 'कू-ईख' नावाच्या समारंभात यजमान कूळ आपले मृत आठवून समोरच्या पक्षाला अन्न, वस्तू आणि पैसा वाटत असे, आणि त्या दानाचा स्वीकार करणारे पाहुणे यजमानांच्या हक्काचे साक्षीदार ठरत. इंग्रजीत याला पॉटलॅच म्हणतात. कुलचिन्ह वैध होण्यासाठी परक्याचा हात आणि परक्याची साक्ष दोन्ही लागत. कलावंत हा मालक नसे, तो मोबदला घेऊन दुसऱ्याचा इतिहास दृश्य करणारा कारागीर असे. आजचा चित्रकार याच्या नेमके उलट वागतो. तो स्वतःच्या मुळांचा शोध घेत स्वतःच्याच कुळाचे चिन्ह स्वतःच्या खोलीत रंगवतो आणि ज्याचे कूळ कोणते हे माहीत नाही अशा गिऱ्हाइकाला ते विकतो. साक्षीदार कोण, हा प्रश्न येथे अनुत्तरित राहतो, आणि समकालीन ट्लिंगिट चित्रकलेतली अस्वस्थता पुष्कळदा या रिकाम्या जागेतून आलेली दिसते.

आता रेषेकडे वळायला हवे. वायव्य किनाऱ्याच्या उत्तर भागातील ट्लिंगिट, हैदा आणि त्सिमशियान या तीन समाजांनी मिळून जी दृश्यभाषा घडवली, तिच्या केंद्रस्थानी एक फुगत-निमुळती होत जाणारी, कुठेही न तुटणारी जाड रेषा असते. तिला इंग्रजीत फॉर्मलाइन म्हणतात. मराठीत आकाररेषा म्हणता येईल. ही रेषा प्राण्याच्या शरीराची बाह्यरेखा नसते. डोळा, सांधा, पंख, शेपूट, कान अशा भागांचे आकार ती एकमेकांत ओवून उभे करते, आणि त्यामुळे ती एकाच वेळी आकृती आणि आकृतीचा सांगाडा असते. तिची मुख्य घडण दोन आकारांवर चालते. पहिला ओव्हॉइड, म्हणजे कोपरे गोलावलेला, वरची बाजू फुगीर आणि खालची किंचित आत दबलेली असा आडवा आकार, जो डोळा व सांधे यांसाठी येतो. दुसरा इंग्रजी यू अक्षरासारखा, जो पिसे, कान आणि शेपटी यांसाठी येतो. मुख्य रेषा काळी, तिच्या आतली दुय्यम रेषा तांबडी आणि उरलेल्या काही जागांत निळसर हिरवा रंग, असा रंगक्रम रूढ आहे. जिथे दोन रेषा मिळतात तिथे रंगाचा गोळा साठू नये म्हणून मध्ये चंद्रकोरीसारख्या किंवा त्रिकोणी रिकाम्या जागा सोडतात. नवशिक्याचे काम आणि मुरलेल्या हाताचे काम यांतला फरक या रिकाम्या जागांतच ओळखू येतो.

जुने रंग घरचे होते. काळा कोळशापासून, तांबडा गेरूसारख्या लोहयुक्त मातीपासून आणि निळसर हिरवा सेलॅडोनाइटसारख्या खनिजापासून मिळे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून फरच्या व्यापारी जहाजांतून चिनी हिंगूळ येऊ लागला आणि त्याचा झळझळीत तांबडा लगेच लोकप्रिय झाला. परंपरा परक्या वस्तूला घाबरत होती असे मानणाऱ्यांनी हा हिंगूळ ध्यानात ठेवावा. रंगाला बंध आणण्यासाठी साल्मनची अंडी सीडरच्या सालीबरोबर चावून तो रस रंगद्रव्यात मिसळत. कुंचला साळिंदराच्या केसांचा असे आणि तेच तेच ओव्हॉइड बिनचूक काढण्यासाठी सालीचे साचे कापून ठेवलेले असत. चित्रकाराच्या या कामावरच इतर कला उभ्या होत्या, कारण कोरक्या लाकडावर आधी रेखाटन करी, आणि 'नाखेन' म्हणजे चिल्कॅट घोंगडी विणणारी स्त्री पुरुषाने रंगवलेली नमुन्याची फळी समोर ठेवून डोंगरी बकरीची लोकर आणि पिवळ्या सीडरची साल एकत्र पिळून केलेल्या धाग्यांनी वळणदार आकार विणीत असे. उभ्या-आडव्या धाग्यांत वर्तुळ विणणे हे जगातल्या विणकामाच्या इतिहासात दुर्मीळ कौशल्य आहे, आणि ते रंगाऱ्याच्या रेषेशी प्रामाणिक राहण्याच्या हट्टातून जन्मले असावे असे म्हणण्यास जागा आहे. चित्रकला हा ट्लिंगिट कलेत नवा पाहुणा असल्याची समजूत म्हणून चुकीची ठरते. ती सर्व कलांच्या मुळाशी होती. नवे काय असेल तर ती ज्या वस्तूवर वसत होती ती वस्तू तिच्याखालून निघून गेली, एवढेच.

या रेषेचे व्याकरण लेखी स्वरूपात मांडण्याचे काम बिल होम या सिअ‍ॅटलच्या कलावंत-अभ्यासकाने केले. ते स्वतः आदिवासी समाजातले नव्हते. संग्रहालयांतल्या शेकडो वस्तूंची बारकाईने तपासणी करून त्यांनी 1965 मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातूनच फॉर्मलाइन ही संज्ञा रुळली, आणि घरातली परंपरा तुटलेल्या अनेक तरुण आदिवासी कलावंतांनी आपल्याच आजोबा-पणजोबांची रेषा त्या पुस्तकातून शिकून घेतली. होम यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. तरीही या उपकाराची दुसरी बाजू अशी की व्याकरण पुस्तकात आल्यावर ते कुणालाही शिकता येऊ लागले, आणि रेषा बिनचूक असली म्हणजे चित्र खरे, असा एक समज बाजारात रुजला. रेषा सर्वांची असू शकते. तिच्यातून जे उभे राहते ते सर्वांचे नसते. हा भेद होम यांच्या पद्धतीत येत नाही, कारण आकाराचे विश्लेषण हाच तिचा मर्यादित हेतू होता.

परंपरा तुटली ती आपोआप नव्हे. 1867 मध्ये रशियाने अलास्का 72 लाख डॉलरना अमेरिकेला विकला. ज्या जमिनीचा हा व्यवहार झाला तिच्या मालकांना कुणी विचारले नाही. ऑक्टोबर 1882 मध्ये अमेरिकी नौदलाने अंगून गावावर तोफा डागल्या, घरे जाळली आणि होड्या फोडल्या. या कृत्याबद्दल नौदलाने गावात येऊन माफी मागितली ती 26 ऑक्टोबर 2024 रोजी. मिशनऱ्यांच्या शाळांत ट्लिंगिट भाषा बोलण्यावर शिक्षा होती आणि पॉटलॅचला रानटी ठरवले जात होते. त्याच सुमारास संग्राहकांची रीघ लागली, आणि कुळांचे पडदे, टोप्या व स्तंभ न्यूयॉर्क, शिकागो, फिलाडेल्फिया येथील संग्रहालयांत जाऊन पोचले.

या संग्रहाच्या इतिहासात क्लुकवान गावचे लुई शॉट्रिज यांचे प्रकरण विशेष बोलके आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी वस्तू जमवणारे शॉट्रिज स्वतः ट्लिंगिट होते आणि त्यांचे वडील क्लुकवानच्या प्रसिद्ध व्हेल हाउसचे प्रमुख होते. या घरात चार कोरीव स्तंभ आणि 'पावसाचा पडदा' म्हणून ओळखला जाणारा विशाल रंगीत लाकडी पडदा होता. 1895 च्या सुमारास विंटर आणि पाँड या छायाचित्रकारांनी घेतलेल्या छायाचित्रामुळे त्याची कीर्ती दूरवर पसरली. वडिलांची मालमत्ता मुलाची हा अमेरिकी न्याय शॉट्रिज यांनी पुढे केला; ट्लिंगिट न्यायाने ती वडिलांच्या बहिणीच्या मुलांची, म्हणजे गानख्तेदी कुळाची होती, आणि शॉट्रिज आईकडून कागवान्तान कुळाचे असल्यामुळे त्यांना तिच्यावर हक्क नव्हता. गावाने त्यांना दाद दिली नाही. पुढे 1984 मध्ये हे स्तंभ व पडदा एका व्यापाऱ्यामार्फत विक्रीसाठी गावाबाहेर नेले गेले. दीर्घ खटल्यानंतर 1993 मध्ये आदिवासी न्यायालयाने ते परत करण्याचा निकाल दिला आणि पुढच्या वर्षी ते क्लुकवानला परतले. मुळांविषयी भावनेच्या भरात बोलणाऱ्या कलासमीक्षेला या खटल्याने एक कठोर गोष्ट शिकवायला हवी होती: वडिलांचे घर हेही माणसाचे मूळच असते, पण त्या मुळातून चित्र काढण्याचा हक्क मिळेलच असे नाही.

पुनरुज्जीवन हळूहळू झाले. 1938 मध्ये जन्मलेले आणि चिल्कूटच्या लुकाख-आदी कुळाचे नेथन जॅक्सन यांनी सांता फे येथील आदिवासी कलासंस्थेत शिक्षण घेतले आणि स्तंभ कोरण्याची कला पुढच्या पिढीला शिकवली. 1980 मध्ये स्थापन झालेल्या सीअलास्का हेरिटेज इन्स्टिट्यूटने 1982 पासून जुनो शहरात 'सेलिब्रेशन' हा एक वर्षाआड भरणारा महोत्सव सुरू केला, ज्यात कुळे आपली अट-ऊ अंगावर धारण करून नाचतात. याच संस्थेने शाळांमधून आकाररेषेचे पद्धतशीर शिक्षणही सुरू केले.

ज्यांच्यामुळे ट्लिंगिट चित्र आधुनिक झाले असे म्हणता येईल ते जिम शॉपर्ट (1947–1992). जर्मन वंशाचे वडील आणि ट्लिंगिट आई यांचा हा मुलगा जुनोत जन्मला आणि त्याने वॉशिंग्टन विद्यापीठातून कलेची पदव्युत्तर पदवी घेतली. शॉपर्ट यांनी लाकडी फळ्यांवर आकाररेषेतले आकार कोरले, त्यांवर काळ्या-तांबड्याऐवजी फिके, एकमेकांत विरघळणारे रंग चढवले आणि मग त्या फळ्यांचा क्रमच बदलून टाकला, त्यामुळे डोळा एकीकडे तर पंख भलतीकडे असे तुकडे भिंतभर विखुरले. कोणत्याही एका कुळाचे चिन्ह त्यात पूर्ण उभे राहत नाही. काही टीकाकारांनी याला अमूर्त कलेची नक्कल म्हटले असते तर नवल नव्हते. पण बारकाईने पाहता त्यात अधिकाराच्या प्रश्नावरचे एक हुशार उत्तर दिसते, कारण व्याकरण सांभाळून वाक्य मोडण्याचा हा मार्ग कुणाच्याही मालकीला धक्का लावत नाही. ट्लिंगिट आधुनिकतेतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि त्याच्या मानाने शॉपर्ट यांच्यावर लिहिले गेले फार थोडे.

पुढच्या पिढीत निकोलस गलानिन (जन्म 1979, सिट्का) यांनी घरच्यांकडून कोरीवकाम शिकून नंतर लंडन व न्यूझीलंड येथे शिक्षण घेतले. 2006 मधील त्यांच्या दोन भागांच्या चलच्चित्रात पहिल्या भागात रिकाम्या खोलीत एक आधुनिक नर्तक पारंपरिक ट्लिंगिट गाण्यावर नाचतो, तर दुसऱ्या भागात रंगीत पडद्यासमोर रेव्हनचा पोशाख केलेला नर्तक इलेक्ट्रॉनिक संगीतावर पारंपरिक नाच करतो. हे चित्र नव्हे, पण रंगवलेल्या पडद्याला त्याचा नाच परत मिळवून देण्याचा प्रयत्न म्हणून चित्रकलेच्या चर्चेत त्याला स्थान आहे. अ‍ॅलिसन मार्क्स, पूर्वाश्रमीच्या अ‍ॅलिसन ब्रेमनर, यांचे हत्यार विनोद आहे. रोजच्या वापरातल्या वस्तू आणि लोकप्रिय संस्कृतीतल्या प्रतिमा त्या काटेकोर आकाररेषेत बसवतात. 2017 मध्ये सिअ‍ॅटलच्या फ्राय कला संग्रहालयात त्यांचे 'वन ग्रे हेअर' हे प्रदर्शन झाले. जुन्या व्यवस्थेत कुलचिन्हे रंगवणे हे पुरुषांचे काम होते आणि स्त्रियांकडे विणकाम, टोपल्या व त्यांवरची भौमितिक नक्षी असे. आज रंगाच्या क्षेत्रात आघाडीवर असलेल्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, आणि हा बदल फारशा वादाशिवाय समाजाने पचवला आहे.

क्रिस्टल वर्ल यांच्या कामात चित्र पुन्हा वस्तूवर परतले. ट्लिंगिट आणि अथाबास्कन वारसा असलेल्या, रेव्हन पक्षातील सॉकाय साल्मन कुळाशी नाते सांगणाऱ्या वर्ल यांनी 2021 मध्ये जुनोच्या किनाऱ्यावरील इमारतीवर एलिझाबेथ पेराट्रोविच यांचे प्रचंड भित्तिचित्र रंगवले. 1945 मध्ये अलास्कात वांशिक भेदभावाविरुद्ध कायदा संमत होण्यात पेराट्रोविच यांच्या साक्षीचा मोठा वाटा होता, आणि त्याही लुकाख-आदी म्हणजे सॉकाय कुळाच्याच होत्या. 2023 मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या एका विमानावर वर्ल यांच्या आकाररेषेतले साल्मन झळकले आणि विमानाला 'साल्मनची माणसे' अशा अर्थाचे ट्लिंगिट नाव मिळाले. याच कंपनीने 2005 मध्येही एका विमानावर साल्मन रंगवला होता, पण तो मासळी-विक्रीची जाहिरात करणारा हुबेहूब मासा होता. 2023 चा मासा कुळाचा आहे. विमानाचे धड हे घराच्या दर्शनी भिंतीचे किंवा होडीच्या नाळेचे आजचे रूप मानावे की नाही यावर मतभेद होऊ शकतात. मात्र तो पृष्ठभाग विकत घेऊन कुणाला घरी नेता येत नाही, आणि तो पाहणारा समाज मोठा असतो, हे दोन्ही गुण जुन्या साक्षीदारांच्या कल्पनेशी जुळतात.

मिकेला गोड यांनी निराळी वाट धरली. किक्स-आदी कुळाच्या आणि सिट्काशी बांधलेल्या या चित्रकार मुलांच्या पुस्तकांसाठी जलरंगात काम करतात. 2021 मध्ये त्यांना अमेरिकेतला सचित्र बालपुस्तकांचा प्रतिष्ठेचा कॅल्डेकॉट पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या आदिवासी कलावंत ठरल्या. आजी आणि नात रानात बेरी वेचत असल्याचे दाखवणाऱ्या त्यांच्या 'बेरी साँग' या पुस्तकात आकाररेषेचे प्रमाण थोडे आणि दवाळ रान, समुद्र व धुके यांचेच राज्य अधिक आहे. जमीन हीही अट-ऊ असते हे लक्षात घेतले तर निसर्गचित्र हा या परंपरेला परका प्रकार राहत नाही.

आई ट्लिंगिट नसलेल्यांची अडचण मात्र खरी आहे, आणि स्थलांतर व मिश्र विवाह यांमुळे ती वाढत चालली आहे. नियमाने अशा व्यक्तीला जन्मतः कूळ मिळत नाही. काहींना एखादे कूळ समारंभपूर्वक दत्तक घेते. इतर कलावंत डोमकावळ्याच्या सृष्टिकथांकडे वळतात, कारण पेटीतून प्रकाश चोरून जगाला देणाऱ्या रेव्हनच्या कथा बहुतांशी सर्वांच्या सामायिक मानल्या जातात. 2021 मध्ये अमेरिकी टपाल खात्याने क्रिस्टल यांचे बंधू रिको वर्ल यांचे चित्र असलेले जे तिकीट काढले त्याचा विषय हीच कथा होता. उलट दिशेचे उदाहरण मेरी एबेट्स (1823–1919) यांचे. टाँगास भागातली ही ट्लिंगिट स्त्री हडसन्स बे कंपनीच्या रॉबर्ट हंट यांच्याशी विवाह करून व्हँकुव्हर बेटावरील फोर्ट रुपर्टला गेली आणि परक्या समाजात राहून चिल्कॅट घोंगड्या विणत राहिली. त्यांच्या मुलग्यांची संतती ट्लिंगिट नियमाने ट्लिंगिट कुळात मोडत नाही, तरी त्या हंट घराण्यातून कोरक्यांच्या व चित्रकारांच्या पिढ्या निघाल्या, आणि 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या पदकांवरील किलर व्हेलचे चित्र आपला ट्लिंगिट वारसाही सांगणाऱ्या कोरिन हंट यांचे आहे. वारसा आणि हक्क या दोन गोष्टी एकच नाहीत, आणि त्या एक नसतानाही चित्रे काढली जातात.

कायद्याची मदत अर्धवट आहे. 1990 च्या अमेरिकी कायद्याने आदिवासी नसलेल्यांनी आपला माल आदिवासी म्हणून विकणे गुन्हा ठरवले, तरी जुनोच्या बंदरात क्रूझ जहाजांतून उतरणाऱ्या पर्यटकांसाठी परदेशात बनवलेले नकली कोरीवकाम येतच राहिले. 2020 मध्ये सीअलास्का हेरिटेजने विणकर क्लॅरिसा रिझाल (1956–2016) यांच्या रेव्हन्सटेल शैलीत विणलेल्या घोंगडीची नक्कल केल्याबद्दल एका बड्या फॅशन विक्रेत्यावर दावा लावला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. पण प्रताधिकाराचा कायदा ठराविक काळासाठी एका निर्मात्याचा हक्क मानतो; कुळाची कायमची, सामायिक मालकी त्याच्या चौकटीत बसत नाही, आणि निर्माता व मालक हे वेगवेगळ्या पक्षांचे असू शकतात ही कल्पना तर त्याला सुचलेलीच नाही.

मराठी वाचकाला ही चित्रे बहुधा छापील पानावर किंवा पडद्यावर, त्यांच्या समारंभापासून तुटलेल्या अवस्थेत भेटतील. तेव्हा पाहणाऱ्याने एवढे करावे: आकृती कोणत्या प्राण्याची आहे हे विचारण्याआधी कलावंताचे कूळ आणि वडिलांचे कूळ शोधावे, कारण ट्लिंगिट कलावंत ती माहिती लपवत नाहीत, उलट पुष्कळदा चित्राच्या शीर्षकाआधी देतात. आणि जिथे ती दिलेली नसेल, तिथे चिन्हांचे अर्थ सांगणाऱ्या पर्यटकी पुस्तिकांचा आधार घेऊन अर्थ लावण्याची घाई करू नये.